लग्नाच्या लॉनसाठी मल्चरची पाती : कामाच्या नोंदी

२४ जून

लॉन सव्वा एकराचं, दिंडोरी तालुक्यात. खाली काळी माती, वर लाल मातीचा थर, गवत बहुतेक सिलेक्शन वन, कडेने हरळी शिरलेली. आतापर्यंत ढकलायच्या पेट्रोल मशीनने कापत होतो. पावसाळ्यात या टोकाचं कापून त्या टोकाला पोचेपर्यंत हे टोक पुन्हा वाढलेलं असतं आणि मजुरी चालूच राहते.

घरी द्राक्षबागेसाठी घेतलेला चार फुटी मल्चर आणि २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. छाटणीच्या काड्या बारीक करून झाल्या की मल्चर शेडमध्ये पडून असतो. त्याला दुसरी पाती लावून लग्नाच्या लॉनला शोभेल असं गवत कापता येतं का, ते या पावसाळ्यात बघायचं ठरवलं आहे. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतात, तोवर वेळ आहे. हीच जोडी दारात असलेले बागायतदार भरपूर आहेत, म्हणून खर्चासकट लिहून ठेवतो.

मशीनची मापं अशी : कामाची रुंदी १२० सेंमी. रोटरवर (मशीनमधला फिरणारा आडवा रूळ) वीस कान, म्हणजे पातं बोल्टने अडकवायच्या जागा, दर ६ सेंमीला एक, पिळाने वेल्ड केलेले. प्रत्येक कानाला एक हॅमर, म्हणजे जाड कडेचं पातं, ६० मिमी रुंद, ९०० ग्रॅमच्या आसपास. हॅमर बाहेर फेकला गेल्यावर टोकाचा व्यास ३६ सेंमी. मागे पूर्ण रुंदीचा रोलर. कापायची उंची त्यावरच ठरते.

२६ जून

आधी आहे त्याच हॅमरवर एक पट्टा घेतला. गवत साडेचार इंच, दोन इंचांवर कापायला लावलं.

लांबून बरं दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सगळ्या पट्ट्यावर पांढुरकी झाक होती. एक पातं तोडून उन्हात धरलं. टोक कापलेलं नव्हतं, पिंजलेलं होतं. शिरा धाग्यांसारख्या सुट्या झालेल्या आणि टोकापासून सहा-सात मिमी खालपर्यंत वाळलेलं. हॅमरची कड जाड असते, ती काडीला ठोकून फोडायला बनवलेली आहे. द्राक्षाची काडी टणक असल्याने फुटते, गवत लवतं आणि ओढून तुटतं.

दुसरी गोष्ट, हॅमर ६० मिमीचा आणि कानही ६० मिमीवर, म्हणजे एकाची हद्द संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. वापराने हॅमरचे कोपरे गोल झाले आहेत, त्यामुळे दोघांच्या मध्ये उंच गवताची बारीक रेघ राहते. लॉनसाठी हॅमर बाद.

१ जुलै

रेघा मोजायची एक पद्धत सापडली, ती इथे लिहितो कारण पुढे सगळी तुलना तिच्यावरच केली. पांढरा जाड पुठ्ठा दोन फूट लांब कापायचा आणि ट्रॅक्टर ज्या दिशेने गेला त्याला आडवा, गवतात उभा खोचायचा. गुडघ्यावर बसून गवताच्या पातळीवरून बघितलं की पांढऱ्यावर शेंड्यांची रेषा स्पष्ट दिसते. कुठे उंचवटा, कुठे खड्डा, पट्टीने मोजता येतो. हॅमरच्या पट्ट्यात दर सहा सेंमीला सुमारे एक सेंमीचा उंचवटा होता.

उभ्या उन्हात एवढा फरक कळतही नाही. पण आमचे कार्यक्रम रात्रीचे असतात आणि फ्लडलाइट कडेच्या खांबांवर. उजेड आडवा पडला की प्रत्येक रेघेची सावली पडते, आणि रिसेप्शनच्या फोटोत लॉन नांगरल्यासारखं दिसतं.

६ जुलै

नाशिकहून वाय पाती (जोडी लावली की इंग्रजी Y अक्षरासारखी दिसतात) आणली. एका कानावर दोन, पाठीला पाठ लावून, म्हणजे एकूण ४० पाती. १२० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये. बोल्ट आणि नायलॉक नट नवे घेतले, १,३०० रुपये. जुने बोल्ट मध्ये घासून बारीक झाले होते. असा बोल्ट पातं बदलताना पुन्हा वापरायचाच नाही.

बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. मशीन उचलून नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मशीनला पोचवणारा फिरता दांडा) काढून ठेवलेला आणि मशीनखाली दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके. दुसरं, नट आवळल्यावर प्रत्येक पातं बोटाने हलवून बघायचं. ते सैल झुललं पाहिजे. एखादं जरी आवळून अडकलं तरी ते बाकीच्यांसारखं सरळ बाहेर फेकलं जात नाही आणि रोटर थरथरतो.

८ जुलै

वायने गवत खरोखर कापतं. टोकं साफ, दुसऱ्या दिवशी पांढरी झाक नाही. इंजिनवरही भार कमी, कारण पातं पातळ आणि हलकं.

रेघा मात्र आहेतच. पुठ्ठ्यावर पाच-सहा मिमी, पुन्हा दर सहा सेंमीला. कारण शोधायला रोटर हाताने फिरवून एका जोडीखाली पट्टी धरली. वायचे दोन पाय बाहेर तिरके पसरतात, त्यामुळे सगळ्यात खाली त्यांची बाहेरची टोकं असतात आणि जोडीच्या मध्ये, जिथून पाय फुटतात तिथे, धार वर असते. म्हणजे प्रत्येक जोडी मध्ये उंच आणि दोन्हीकडे खोल कापते. रस्त्याच्या कडेचं कमरेएवढं गवत कापायला हे उत्तम. तिथे कोणी पुठ्ठा लावून बघत नाही.

११ जुलै

दुकानदार म्हणाले, "दादा, मध्ये सरळ पातं टाका, वायच्या दोन पायांमधली जागा भरते." वीस सरळ पाती, ९० रुपयांची एक, १,८०० रुपये.

उपाय बरोबर आहे. उंचवटा पाच-सहा मिमीवरून तीन मिमीवर आला. ज्यांना बागेतल्या ओळींमधलं गवत, क्रिकेटचं आउटफील्ड किंवा शाळेचं मैदान कापायचं आहे त्यांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे. स्वस्त, हलकं, खडा लागला तरी एखादंच पातं जातं.

आमची अडचण वेगळी होती. ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबलेलं गवत पाती पोचेपर्यंत उठत नाही. वाय पातळ असल्याने वारा फारसा ओढत नाही, आडवं झालेलं गवत तसंच राहतं, आणि संध्याकाळपर्यंत चाकोरीचे दोन पट्टे उभे राहतात. यासाठी रुंद, खोलगट स्कूप पाती लागतात. ती फिरताना खालून हवा वर ओढतात, गवत उभं करतात आणि पूर्ण रुंदीच्या सरळ धारेने कापतात.

१९ जुलै

स्कूप पाती जवळच्या दुकानात नव्हती. ऑर्डर करून यायला वेळ, म्हणून एका वर्कशॉपमध्ये जुन्या कमानपट्ट्यातून (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) बनवून घेतली. निम्म्या किमतीत पडली. कमानीचं पोलाद चांगलं असतं, हा विचार चुकीचा नव्हता. पण पट्टा गॅस कटरने कापलेला आणि बोल्टचं भोकही गॅसनेच पाडलेलं. तिथेच घात झाला.

२१ जुलै

दुसऱ्या फेरीत जोराचा आवाज आला आणि अख्खा ट्रॅक्टर थरथरायला लागला. ड्रायव्हरने लगेच पीटीओ बंद केला. एक पातं भोकापाशी तुटून मागच्या रबरी पडद्यातून बाहेर गेलं होतं. पडद्याला हाताएवढी फाट. तुकडा कुंपणाशी सापडला. मागे कोणी नव्हतं, कारण मशीन चालू असताना लॉनवर कोणाला येऊच द्यायचं नाही हा नियम आधीपासून आहे.

तुटलेल्या जागी बघितलं. भोकाची कड खडबडीत, आणि तिथून निघालेली तड अर्ध्यापर्यंत जुनीच होती, काळी पडलेली. चमकणारा ताजा भाग उरलेला अर्धा. गॅसने लाल झालेलं स्प्रिंगचं पोलाद भराभर गार झालं की त्या जागी काचेसारखं कडक होतं, आणि खडबडीत कडेवरून तड सुरू होते. पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ ३८ मीटर जातं. एवढ्या वेगात तुटलेला लोखंडी तुकडा गोळीसारखा असतो. उरलेली सगळी पाती त्याच दिवशी भंगारात टाकली, दुसऱ्या कोणी वापरू नयेत म्हणून ग्राइंडरने दोन तुकडे करून.

पैसे बुडाले, पडद्याचे वेगळे ६५० रुपये, आणि पावसाळ्यातला सगळ्यात वाढीचा आठवडा गेला. फोर्ज केलेली, उष्णता देऊन कमावलेली तयार पातीच घ्या. इथे बचत करू नका.

२ ऑगस्ट

तयार स्कूप पाती आली. ८० मिमी रुंद, ३८० रुपयांचं एक, वीसचे ७,६०० रुपये. कान ६० मिमीवर असल्याने शेजारची दोन पाती एकमेकांच्या हद्दीत वीस मिमी शिरतात. रेघ उरायला जागाच नाही.

बसवण्याआधी सगळी वाण्याच्या डिजिटल काट्यावर तोलली. सगळ्यात हलकं ६२८ ग्रॅम, सगळ्यात जड ६६१. तेहेतीस ग्रॅमचा फरक क्षुल्लक वाटतो. पण रोटर मिनिटाला २,००० फेरे मारतो आणि पात्याचं वजन मध्यापासून सुमारे १५ सेंमीवर असतं. या हिशेबाने ३० ग्रॅमचा फरकसुद्धा बेअरिंगला वीस किलोच्या ओढीसारखा लागतो, तोही सेकंदाला तेहेतीस वेळा दिशा बदलून. म्हणून प्रत्येक पात्यावर खडूने वजन लिहिलं आणि समोरासमोर येणाऱ्या कानांवर सारख्या वजनाच्या जोड्या बसवल्या. जी जोडी जुळत नव्हती तिच्यातल्या जडाला पाठीकडून थोडं घासलं. दुपार गेली, पण मशीन चालू केल्यावर बॉडीवर ठेवलेला नटसुद्धा जागचा हलला नाही.

३ ऑगस्ट

अपेक्षेएवढं चांगलं कापलं नाही. रेघा गेल्या, चाकोरीही बरीच गेली, पण ट्रॅक्टरच्या दिशेने लाटा दिसत होत्या आणि दाट जागी टोकं पुन्हा पिंजलेली. पाती कोरी करकरीत असताना असं होतंय म्हणजे दोष पात्यांत नाही.

रोटरचे फेरे मोजायला १,१५० रुपयांचं लेझर टॅकोमीटर मागवलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सगळ्यात कामाची खरेदी हीच.

७ ऑगस्ट

मोजलं. पीटीओ ५४० फेऱ्यांवर असताना आमचा रोटर २,००० फिरायला हवा. ड्रायव्हर डिझेल वाचवायला हँड थ्रॉटल कमी ठेवत होता, त्यामुळे पीटीओ फक्त ४३० वर. त्या हिशेबाने रोटर १,५९० फिरायला हवा, पण तो १,४५० च दाखवत होता. म्हणजे उरलेले नऊ टक्के पट्ट्यांच्या घसरण्यात जात होते. साइड कव्हर उघडलं तर तिन्ही व्ही पट्टे ढिले, कडा चकचकीत झालेल्या आणि जळक्या रबराचा वास. तिन्ही एकदम बदलले; एकच बदलला तर सगळा भार नव्यावर येतो आणि तो लवकर जातो.

मग चाल मोजली. वीस मीटरवर दोन खुंट्या रोवल्या आणि घड्याळ लावलं. आम्ही चालवत होतो त्या गिअरला २४ सेकंद लागत होते. १,४५० फेऱ्यांवर याचा अर्थ असा, की पात्याचे दोन वार होईपर्यंत ट्रॅक्टर ३४ मिमी पुढे सरकतो. आमच्या रोटरवर एका रेषेत एकाच फेऱ्याला एकच पातं येतं, म्हणून चौतीस मिमीचं गवत एका वारात कापायचं. त्यातलं पुढचं गवत पात्याच्या धक्क्याने वाकतं आणि लांब राहतं.

पट्टे नवे, थ्रॉटल पूर्ण ५४० वर, गिअर लो फर्स्ट. वीस मीटरला ३६ सेकंद. आता एका वाराला सतरा मिमी, बरोबर निम्मं. पाती तीच, पण लाटा गेल्या. पुठ्ठ्यावर शेंड्यांची रेषा सलग दिसली. पट्टी धरून मोजण्यासारखा उंचवटा कुठेच सापडला नाही.

पाती बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी रोटरचे फेरे मोजावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. ढिल्या पट्ट्यावर वाय पातीसुद्धा वाईटच कापणार, आणि माणूस उगाच पात्यांना दोष देऊन नवी विकत घेणार.

१६ ऑगस्ट

आठवडाभर पाऊस. काळी माती रोलरला चिकटून त्याचा घेर मधल्या भागात वाढला. मशीन तेवढं उचललं गेलं आणि गवत कुठे एक इंच, कुठे पावणेदोन इंच. रोलरला मागून अँगलचा स्क्रॅपर बसवला, मजुरीसकट ९०० रुपये. रोलर आणि स्क्रॅपर यांत तीन मिमीची फट ठेवली आहे; त्याहून जवळ घेतला तर रोलरची वेल्डिंगची कड त्याला घासते.

ओल्यात कापणंच थांबवलं. दव वाळून अकरा वाजल्याशिवाय मशीन बाहेर काढायचं नाही. ओलं गवत स्कूपमध्ये चिकटतं, हुडच्या आतून थर बसतो, हवा ओढणं बंद होतं आणि कापलेलं गवत गोळ्यांनी पडतं. त्या गोळ्यांखाली दोन दिवसांत लॉन पिवळं पडतं.

२९ ऑगस्ट

एक साखरपुडा झाला लॉनवर. दुसऱ्या दिवशी मशीन फिरवलं आणि रोटरच्या टोकाला करकर सुरू झाली. फुलांच्या कमानीसाठी वापरलेली बाइंडिंग वायर गवतात राहिली होती. ती रोटरवर गुंडाळली जाऊन बेअरिंगच्या सीलमध्ये घुसली. बेअरिंग आणि सील १,४०० रुपये, दोन स्कूपच्या धारेला खाचा, त्या मंडपाच्या खिळ्याने.

आता कार्यक्रमानंतर आधी चुंबकाची पट्टी फिरवतो. लाकडी फळीला खालून चुंबक लावलेत, दोरीने ओढायची. पहिल्याच फेरीत खिळे, टाचण्या, तारांचे तुकडे असं ओंजळभर निघालं. प्लास्टिकचे चमचे मात्र हातानेच वेचावे लागतात. डेकोरेटरकडून जागा ताब्यात घेताना आता हे दाखवूनच घेतो.

खाचा पडलेल्या पात्यांना धार लावताना फक्त उताराची बाजू घासली, सपाट बाजूला हात लावला नाही. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. धार निळी पडली की पाणी उतरलं, ती मग टिकत नाही. वस्तऱ्यासारखी पातळ धारही नको. एक मिमीच्या आसपास जाडी ठेवली तर वाळूचा कण लागूनही वळत नाही. धार लावल्यावर समोरच्या जोडीदारासकट पुन्हा काट्यावर.

१८ सप्टेंबर

पावसाळ्यात पाइपलाइनची चारी दबली आहे, तिथे मशीन गवत मुळापर्यंत सोलतं. याला कोणतंही पातं उपाय नाही, जमीन सपाट करावी लागणार. तोवर दोन बदल केले. लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडून मशीनचा भार रोलरवर टाकला, आणि टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि मशीन यांना वरून जोडणारा दांडा) लांब खाच असलेल्या पट्टीला जोडली, म्हणजे ट्रॅक्टरचं नाक वरखाली झालं तरी मशीन आपल्या रोलरवर जमिनीशी समांतर राहतं. आधी टॉप लिंक आखूड आवळलेली होती. ट्रॅक्टर उंचवट्यावर चढला की मशीन मागून उचललं जायचं.

कापायची उंची आता ३५ मिमी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढत नाही. पावसाळ्यात म्हणून चार-पाच दिवसांनी फेरी होते, पण लो फर्स्टमध्येसुद्धा सव्वा एकर एका दुपारी उरकतं. एक फेरी उभी घेतली तर पुढची आडवी. मागच्या टायरची हवा कमी केली, तरी भिजल्या जमिनीवर वळताना टायरच्या नांग्या गवत उपटतात, म्हणून वळण कडेच्या फरशीवर घेतो.

८ ऑक्टोबर

दबलेल्या चारीवर वाळू आणि लाल माती चाळून पसरली, एका वेळी अर्धा इंच. गवताचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत, नाहीतर खालचं गवत गुदमरतं. शेंडे वर आले की पुढचा थर.

१७ ऑक्टोबर

गोडी छाटणी (द्राक्षाची फळांसाठीची छाटणी) झाली, बागेत काड्या पडल्या आहेत. स्कूप काढून हॅमर लावले. स्कूपने काड्या घ्यायचा मोह टाळा, द्राक्षाच्या जाड काडीने खोलगट धार वाकते आणि हवा ओढायचा तिचा आकार जातो.

दोन्ही पात्यांना बोल्ट एकाच मापाचा लागतो, पण बुश (बोल्टवर बसणारी नळी) वेगळे आहेत, म्हणून प्रत्येक संच आपापल्या बुशसह वेगळ्या डब्यात ठेवला. कानांना पंचने एक ते वीस नंबर ठोकले आहेत आणि तेच पात्यांवर पेंटने लिहिले आहेत, म्हणजे परत लावताना तोलायची गरज नाही. दोघांनी मिळून बदलायला दोन-अडीच तास लागतात. नायलॉक नट एकदा काढला की त्यातलं नायलॉन ढिलं पडतं, तो दर वेळी नवाच.

२८ ऑक्टोबर

काड्या संपल्या, स्कूप पुन्हा लावले. काल रात्री फ्लडलाइट लावून लॉन बघितलं. चारीच्या जागी अजून फिकट पट्टा आहे, बाकी कुठे रेघ नाही. चार जादा स्कूप मागवले आहेत. एक गेलं तर समोरचंही बदलावं लागतं, म्हणून ते जोडीनेच घ्यावे लागतात.